दात सुटे ठेवा, जबडा सांभाळा

आरोग्य पाठ : जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि दात आवळण्याची सवय



गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या गटांच्या बैठकांना जाताना एक तक्रार वेगवेगळ्या गावांत ऐकली. कुणी म्हणतं, "कानाच्या पुढं ठणकतं." कुणी म्हणतं, "सकाळी उठलं की दाभाड जड झालेलं असतं." कुणाला जांभई दिली की कट्ट असा आवाज येतो, तर कुणाला भाकरी चावताना गाल भरून येतो. या तक्रारीवर काय काय उपाय झाले, तेही ऐकलं. एका ताईंनी कानात महिनाभर लसणाचं तेल घातलं. दुसऱ्या एका ताईंनी गटाचं अंतर्गत कर्ज घेऊन दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, दुखणं मात्र राहिलं, आणि कर्जाचा हप्ताही राहिला.

म्हणून या अंकात हा पाठ घेतला आहे. मी डॉक्टर नाही. दंतवैद्य अशा दुखण्यासाठी जे सांगतात, तेच आपल्या घरातल्या आणि कामातल्या उदाहरणांनी मांडते आहे. वाचता येणाऱ्या ताईनं तो बैठकीत मोठ्यानं वाचावा आणि जिथं "करून पाहा" असं लिहिलं आहे, तिथं सगळ्यांनी थांबून करून पाहावं.

१. जबड्याचा सांधा कुठं असतो?

करून पाहा : दोन्ही हातांची बोटं दोन्ही कानांच्या अगदी पुढं ठेवा. आता तोंड हळूहळू उघडा आणि मिटा. बोटांखाली काहीतरी पुढं-मागं सरकतं ना? तोच जबड्याचा सांधा. गुडघ्याला जशी आत गादी असते, तशी याही सांध्यात एक लहानशी चकती असते. बोलताना, खाताना, जांभई देताना हा सांधा चालतो.

आता बोटं गालावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. गालात एक गाठ वर आलेली जाणवेल. तो चावण्याचा स्नायू. तसंच बोटं कानशिलावर ठेवून दात आवळा, तिथंही हालचाल लागेल. म्हणजे जबड्याचे स्नायू गालापासून कानशिलापर्यंत पसरलेले आहेत. ते थकले, आखडले की दुखणं कधी कानात वाटतं, कधी दाढेत, कधी डोक्यात. कानात काही नसतं, दाढही चांगली असते, पण दुखतं तिथंच. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतं, आणि ते ही ऐन कामाच्या वयात, साधारण विशी ते चाळिशीत.

२. दात आवळणं म्हणजे काय?

आता हे ऐकताना लक्ष द्या : तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का?

टेकलेले असतील, तर लक्षात घ्या की एरवी ते टेकायला नकोत. तोंड मिटलेलं असलं तरी आत दात सुटे असायला हवेत. घास चावताना आणि गिळताना ते टेकतात तेवढंच. चोवीस तासांचा हिशोब केला, तर हा वेळ अर्ध्या तासाच्याही आत भरतो. आपण मात्र काम करताना, विचार करताना, राग गिळताना तासन्‌तास दात आवळून बसतो. हंडा उचलून दिवसभर डोक्यावर ठेवला तर मान धरेल की नाही? तसंच जबड्याचं होतं.

आपल्या भाषेतच हे सगळं आहे. राग आला की आपण दातओठ खातो, थंडी वाजली की दातावर दात आपटतात, भीतीनं दातखिळी बसते. म्हणजे मनाचा ताण जबड्यात उतरतो, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं.

काहींना ही सवय दिवसा असते, काहींना रात्री झोपेत. रात्री दात खाण्याचा करकर आवाज शेजारी झोपलेल्याला ऐकू येतो, आपल्याला नाही. ओळखायच्या खुणा अशा : सकाळी जबडा थकलेला वाटणं, उठताच कानशिलं दुखणं, दातांची टोकं झिजून सपाट होणं, जिभेच्या कडेला दातांचे वळ दिसणं.

३. आपल्या रोजच्या कामात जबड्यावर ताण कुठं येतो?

पुढची यादी वाचताना आपल्याला जे लागू आहे, त्यावर हात वर करा.

- शिवणकाम करताना दोरा दातानं तोडणं, टाचण्या दातात धरणं
- बाटलीचं झाकण, मसाल्याची किंवा शाम्पूची पुडी दातानं उघडणं
- लूमच्या खडखडाटात ओरडून बोलणं किंवा दात आवळून काम करणं
- गोदामात खोका उचलताना, विहिरीवर किंवा नळावर हंडा उचलताना दात घट्ट मिटणं
- मोबाइल खांदा आणि कानामध्ये धरून पोळ्या लाटणं
- एकाच बाजूनं चावणं, कारण दुसऱ्या बाजूची दाढ किडलेली आहे
- तळहातावर हनुवटी टेकून किंवा पालथं झोपणं
- दिवसभर सुपारी, बडीशेप, च्युइंगम असं काहीतरी चघळत राहणं

यात काहीच सोडायला पैसे लागत नाहीत. शिवणकामाच्या गटांनी तर एक करावं. प्रत्येक मशीनला सुतळीनं एक छोटी कात्री बांधून ठेवावी. कात्री हाताशी असली की दोरा दाताकडे जात नाही.

४. घरच्या घरी करायचे सात उपाय

पहिला उपाय : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर. सगळ्यात मोठा उपाय हाच आहे. करून पाहा : "न" म्हणा आणि जीभ जिथं टेकली तिथंच राहू द्या, वरच्या दातांच्या जरा मागं, टाळूला. आता ओठ अलगद मिटा आणि दात सुटे ठेवा. जबडा सैल झाला ना? हीच जबड्याची विश्रांतीची जागा.

अडचण अशी की कामात हे लक्षात राहत नाही. त्यावर एक सोपी युक्ती आहे. टिकल्यांचं एक पाकीट घ्या. एक टिकली आरशावर लावा, एक ओट्यापुढच्या भिंतीवर, एक शिवणयंत्रावर, एक मोबाइलच्या मागं, एक पाण्याच्या पिंपावर. टिकली दिसली की तपासायचं, दात आवळलेत का? आवळले असतील तर खांदे खाली सोडा, एक श्वास सोडा आणि जबडा सैल करा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा आठवण झाली, तर काही आठवड्यांत सवय बदलायला लागते.

दुसरा उपाय : शेक. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडात बसलं की गुडघे हलके होतात, हे आपल्या तालुक्यातल्या बायकांना नव्यानं सांगायला नको. उबेनं आखडलेला स्नायू सैल होतो. जबड्यालाही तसाच शेक द्यायचा. सुती फडकं गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून गालावर आणि कानापुढं धरा. पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडीही चालेल. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, चटका बसत नाही ना. मार लागून नुकतीच सूज आली असेल तर मात्र शेक नको. तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरावा.

तिसरा उपाय : जबड्याला काही दिवस हलकं काम. पाय मुरगळला की आपण पायावर भार देत नाही. तसंच दोन आठवडे मऊ खायचं. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, आमटीत कुस्करलेली भाकरी, शिजवून मऊ केलेली उसळ, अंडं, माशाचं कालवण, केळं, पपई. उपाशी राहायचं नाही, नुसत्या चहावरही राहायचं नाही. फुटाणे, खारीक, ऊस, सुकं खोबरं, कडक पापड, मटणाची हाडं काही दिवस बाजूला ठेवा. कणीस खायचंच असेल तर दाणे सोडवून खा, पेरू बारीक चिरून खा. दोन्ही बाजूंनी चावा.

चौथा उपाय : तोंड फार मोठं उघडू नका. जांभई आली की जीभ टाळूला लावा किंवा हनुवटीखाली मूठ धरा. घास लहान घ्या.

पाचवा उपाय : मालिश आणि हलका व्यायाम. दोन-तीन बोटांनी गालावर आणि कानशिलावर गोल गोल, हलक्या हातानं मिनिटभर चोळा. मग जीभ टाळूला लावून, जीभ तिथून न सोडता तोंड जेवढं उघडेल तेवढंच हळू उघडा आणि मिटा. असं सहा वेळा करायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. दुखत असेल तिथंच थांबा. जोर लावायचा नाही.

सहावा उपाय : झोप. पाठीवर किंवा कुशीवर झोपा. गालाखाली हात नको, उशी फार उंच नको. संध्याकाळनंतरचा चहा कमी करा. चहा, तंबाखू आणि दारू यांच्यामुळे झोपेत दात खाण्याचं प्रमाण वाढू शकतं. निजण्यापूर्वी पाच मिनिटं पोटानं सावकाश श्वास घ्या-सोडा. रात्री मोबाइल पाहत पाहत झोपण्यापेक्षा हे बरं.

सातवा उपाय : गोळी, पण विचारून. फार दुखत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी उपकेंद्रात मिळते. किती आणि किती दिवस घ्यायची, ते नर्सताई किंवा आशाताईंना विचारा. दुकानातून "दुखण्याची कोणतीही गोळी द्या" असं सांगून घेऊ नका. काही गोळ्यांनी पोटात जखम होते, काही गरोदरपणात चालत नाहीत. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांमुळेही दात आवळले जातात. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना सांगा.

बहुतेकांचं दुखणं एवढ्यावरच काही आठवड्यांत कमी होतं. महिनाभर नेमानं करूनही फरक पडला नाही, तर दवाखाना गाठा.

५. तीन बोटांची तपासणी : ही प्रत्येकीनं करायची

इथं पाठाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. जबडा दुखणं वेगळं आणि तोंड आकसत जाणं वेगळं.

करून पाहा : तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवा. तोंड उघडा आणि ही तीन बोटं उभी, एकावर एक अशी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. स्वतःचीच बोटं घ्यायची, दुसरीची नाही. तीनही सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, तर दाखवून घ्यायला हवं.

सांधा किंवा स्नायू आखडल्यामुळेही तोंड कमी उघडतं. पण सुपारी, गुटखा किंवा मावा खाणाऱ्या बाईचं तोंड कमी उघडत असेल, तिखट लागलं की तोंडात आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि कडक झाली असेल, जीभ पूर्ण बाहेर येत नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा दोरीसारखी घट्ट होत जाते. मुंबईतले कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतातल्या रुग्णांमध्ये हा आजार नोंदवला, म्हणजे तो आपल्याकडे नवा नाही. या आजारातून पुढं तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. शेक, मालिश करून तो जात नाही. सुपारी सोडणं हा पहिला उपचार, आणि दवाखाना दुसरा.

"मी तंबाखू खात नाही, नुसती साधी सुपारी खाते," असं आपण म्हणतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठं मिळतात ते आपल्या घरातल्या पोरांना बरोबर माहीत असतं. म्हणून ही तपासणी घरातल्या पुरुषांची आणि मोठ्या मुलांचीही करा.

मिशेरीबद्दलही बोलू. दात दुखतो म्हणून मिशेरी लावायला सुरुवात होते आणि मग ती सुटत नाही. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं दुखणं बरं होत नाही, थोडा वेळ बधिर वाटतं एवढंच. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोन मोफत आहे.

६. या खुणा दिसल्या तर थांबू नका

- जबडा दुखतो आणि त्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप किंवा हाताकडे जाणारी कळ आहे : हृदयाचा झटका असू शकतो. बायकांमध्ये तो जबड्याच्या दुखण्यातूनही दिसतो. लगेच १०८ ला फोन करा.
- जखम झाल्यानंतर किंवा बाळंतपणानंतर तोंड उघडेनासं झालं : धनुर्वाताची शंका घ्या, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.
- जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं, मिटत नाही : घरी ढकलाढकली करू नका, रुग्णालयात न्या.
- गालाला सूज, ताप, गिळायला त्रास : दाताचा पू पसरत असू शकतो.
- तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही.
- वय पन्नाशीच्या पुढं, कानशिलात नव्यानं दुखायला लागलं, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक होते : डोळ्याला धोका असतो, त्याच दिवशी दाखवा.

७. पैसे कुठं घालवायचे नाहीत?

एक्स-रे आणि नीट तपासणी झाल्याशिवाय दाढ काढू नका. दाढ खरंच किडली असेल तर थंड-गरम लागल्यावर कळ येते, त्याच दाढेवर चावलं की दुखतं, हिरडी सुजते. अशी दाढ जरूर दाखवा. पण दोन्ही गाल भरून येणं, सकाळी जबडा जड होणं, हे दाढ काढून जाणारं दुखणं नाही. काढलेली दाढ परत येत नाही, हे आधी डोक्यात ठेवा.

हाडवैद्याकडून जबड्याला झटका देऊन घेऊ नका. चकती जागची हलू शकते. दात घासून "चावा जुळवून देतो" असं कुणी म्हटलं तर थांबा, दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

रात्री दात खाणाऱ्यांसाठी दातांवर बसवायची एक पट्टी मिळते, तिला नाइट गार्ड म्हणतात. ती सवय घालवत नाही, दातांची झीज वाचवते. सगळ्यांना लागत नाही. लागलीच तर दंतवैद्यानं आपल्या दातांचं माप घेऊन केलेली घ्यावी. मोबाइलवरून मागवलेली तयार पट्टी नीट न बसल्यास दुखणं वाढवते.

८. कुठं जायचं?

पहिली पायरी आपली आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढं भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या म्हणजे फेरी आणि रोज दोन्ही वाचेल.

त्यापुढची तपासणी लागली तर मुंबईत सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथं खासगीपेक्षा खूप कमी खर्च येतो. सकाळी लवकर निघा, आधीचे कागद आणि आधार कार्ड सोबत ठेवा. एकटीला जमत नसेल तर गटातल्या दोघी-तिघींनी मिळून एकाच दिवशी जावं.

९. जबड्यात काय आवळून ठेवलंय?

शेवटी एक गोष्ट बोलायलाच हवी. शेक दिला, मऊ खाल्लं, टिकल्या लावल्या, तरी काहींचे दात सुटत नाहीत. कारण ताण जागेवरच असतो. हप्त्याची चिंता, नवऱ्याची दारू, कारखाना बंद पडलेला, पोरीचं लग्न. आणि काही घरांत तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ताईंनो, मारहाणीत जबड्याला लागलं असेल तर डॉक्टरांना "पडले" असं सांगू नका. खरं कारण सांगितलं तर तपासणी नीट होते आणि कागदावर नोंदही राहते, ती पुढं कामाला येते. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. मन फार जड झालं असेल, झोप लागत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे. तिथं मराठीतून मोफत बोलता येतं. आणि गटातल्या एका तरी मैत्रिणीला सांगा. आपण पैशांची बचत एकत्र करतो, तर एवढं ओझं एकटीनं का वाहायचं?

१०. बैठकीत विचारले गेलेले प्रश्न

*जबड्यात कट्ट आवाज येतो, दुखत नाही. काय करू?*
दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल तर उपचाराची गरज नसते. मुद्दाम आवाज काढून पाहायची सवय मात्र सोडा.

*पोरगं झोपेत दात खातं. जंत असतील का?*
जंताची गोळी अंगणवाडीत, शाळेत मिळते, ती द्यावीच. पण दात खाणं म्हणजे जंतच, असं नाही. बहुतेक मुलांचं वय वाढलं की ते आपोआप थांबतं. मूल जोरात घोरत असेल किंवा तोंडानं श्वास घेत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

*हे दुखणं परत येतं का?*
येऊ शकतं. सणाची धावपळ, आजारपण, भांडण, असे दिवस आले की पुन्हा दात आवळले जातात. घाबरायचं नाही. पहिल्या उपायापासून पुन्हा सुरू करायचं.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

१. प्रत्येकीनं घरात पाच ठिकाणी टिकली लावायची.
२. स्वतःची आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांची तीन बोटांची तपासणी करायची. दोनच बोटं जाणाऱ्यांची नावं सचिवताईंनी आशाताईंना खासगीत द्यावीत, बैठकीत वाचू नयेत.
३. शिवणकाम गटांनी मशीनला कात्री बांधायची.
४. दाताच्या कामासाठी अंतर्गत कर्जाचा अर्ज आला, तर कर्ज नाकारायचं नाही. पण "तपासणीचा कागद आहे का?" एवढं अध्यक्षताईंनी प्रेमानं विचारावं.

पुढच्या महिन्यात बैठकीला येईन तेव्हा किती टिकल्या लागल्या आणि किती दात सुटले, ते ऐकायला आवडेल.

आपली,
क्षेत्र समन्वयक